एका कोयत्याच्या दोन ओळी

१९ जानेवारी १९८८. मुकादम आबारावच्या टोळीत नऊ कोयते होते. माणसे अठरा, मुले अकरा. त्या संध्याकाळी माणसे सतरा उरली.

ऊसतोडीच्या व्यवहारात कोयता हे नुसते हत्याराचे नाव राहिलेले नाही. ते एका जोडप्याचे नाव आहे. नवरा ऊस तोडतो. बायको पाचट साफ करते, मोळ्या बांधते आणि डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. बैलगाडी त्या जोडीला मिळते, पावती जोडीच्या नंबरावर फाटते, पंधरवड्याचे बिलही जोडीलाच निघते. दोघांपैकी एक गेला की राहिलेल्याला अर्धा कोयता म्हणतात, आणि अर्धा कोयता सहसा कुणी टोळीत ठेवत नाही.

हे चांगुणा ओव्हाळला कुणी समजावून सांगावे लागले नव्हते. भूम तालुक्यातले ईट हे तिचे गाव. बहात्तरच्या दुष्काळात तिचे आईवडील पाझर तलावाच्या कामावर होते. आई, भिमाबाई, दिवसभर माती वाहायची आणि कामावर मिळालेली सुकडी पदराच्या गाठीत बांधून लेकीसाठी आणायची. पुढे पाऊस परतला, पण तोवर बैल विकले गेले होते, आणि दोघे दरवर्षी ऊस तोडायला पश्चिमेकडे जाऊ लागले. चांगुणा वसतिगृहात राहिली. चौथ्या हंगामात वडील फडातच तापाने गेले. मुकादमाने दुसऱ्या दिवशी भिमाबाईला गावाकडच्या ट्रकमध्ये बसवून दिले. कोयता मोडला, हिशेब मिटला, एवढेच तिला सांगण्यात आले. त्यानंतर ती मरेपर्यंत रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडत राहिली. त्या हंगामाविषयी ती एकच वाक्य बोले, आणि तेही समोर कुणी नसल्यासारखे: "म्या काय नुसती बघत हुते व्हय गं?"

चांगुणा शिकली, आधी औरंगाबादेत आणि मग पुण्यात. संगणकाचे काम करणाऱ्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. नळदुर्गच्या पुढे हमरस्त्यापासून आत असलेल्या एका सहकारी साखर कारखान्याने नवी यंत्रणा घेतली, तेव्हा तिथे जाऊन माणसे शिकवायला कंपनीत कुणी तयार होईना. चांगुणाने स्वतःहून नाव दिले. साहेबांना वाटले, मुलगी आपल्या जिल्ह्याकडे निघाली. तिच्या मनात वेगळे होते. तिला एक तक्ता करायचा होता, ज्यात तोडणारी बाई स्वतःच्या नावाने एका ओळीत उभी राहील. नवरा असो किंवा नसो.

कारखान्याच्या संगणक खोलीत तीन माणसे होती आणि तिघेही मुरलेले. प्रमुख व्यंकटराव पन्नाशीचे. त्यांच्या हाताखाली महारुद्र आणि नळदुर्गचा शिवप्पा. दहा वर्षे त्यांनी जुने यंत्र सांभाळले होते. पन्नास गावांचा ऊस, हजारो सभासद, शेकडो टोळ्या त्यांनी टेपवर बसवल्या होत्या आणि ऐन हंगामात वीज गेली तरी एकही नोंद हरवू दिली नव्हती. नवख्याला शिकवणे सोपे असते, कारण त्याच्याकडे मोडण्यासारखे काही नसते. या तिघांकडे दहा वर्षांचे बरोबर ठरलेले काम होते. नवे यंत्र यायला उशीर झाला होता आणि हंगाम सुरू होऊन पुढे गेला होता. म्हणून दोन्ही यंत्रे काही दिवस बरोबरीने चालवायची आणि त्यातच शिकायचे, असे ठरले.

जुन्या यंत्रातली माहिती उतरंडीने रचलेली होती. वर गट, गटाखाली गाव, गावाखाली मुकादम, मुकादमाखाली कोयता. काही शोधायचे तर वरून खाली उतरत जायचे. वाट चुकली की माहिती असून नसल्यासारखी. व्यंकटरावांना त्या सगळ्या वाटा पाठ होत्या.

"नव्या रचनेत कुणी कुणाच्या खाली नसतं," चांगुणाने पहिल्या दिवशी फळ्यावर लिहीत सांगितले. "प्रत्येक गोष्टीचा आपला तक्ता. माणसांचा एक, गावांचा एक, पावत्यांचा एक. एका तक्त्यातला नंबर दुसऱ्यात आला की दोघांचा संबंध जुळतो. कसं शोधायचं ते सांगायचं नाही, काय पाहिजे तेवढं विचारायचं."

"म्हंजे वाट ठाऊक नसली तरी चालतंय?" व्यंकटरावांनी विचारले.

"चालतं."

"मग आमची गरज काय ऱ्हायली, मॅडम? वाट ठाऊक असनं हीच तर आमची नोकरी."

महारुद्र आणि शिवप्पा हसले. व्यंकटराव हसले नाहीत. ते तिला दिसले, आणि तिने फळा पुसला.

खरा वाद तिसऱ्या दिवशी झाला. कंपनीने पाठवलेल्या तयार आराखड्यात 'कोयता' नावाचा तक्ता होता. चांगुणाने तो बाजूला ठेवला आणि फळ्यावर दोन तक्ते काढले. पहिला मजुरांचा, त्यात माणसागणिक एक ओळ. दुसरा जोड्यांचा, त्यात कुठले दोन मजूर या हंगामात मिळून काम करतात, तेवढीच नोंद.

"एका कोयत्याला दोन वळी?" शिवप्पा म्हणाला. "उद्या म्हनाल, बैलालाबी एकेक वळ द्या."

"बैलांना आहे की," चांगुणा म्हणाली. "तुम्हीच केलीय, शिवप्पा. विम्यासाठी. डाव्या बैलाची वेगळी, उजव्याची वेगळी. शिंगांचा आकारसुद्धा लिहिलाय."

"घे, शिवप्पा," महारुद्र म्हणाला. "आता बस शिंगं मोजत."

खोलीत हशा झाला आणि तो लवकर थांबला. व्यंकटराव फळ्याकडे बघत राहिले. "करू," ते शेवटी म्हणाले. "बाईचं नाव मुकादमाला इचारावं लागंल, आन् त्येला ते ठाऊक असंल असं न्हाय. पर करू." आठवडाभरात महारुद्र आणि शिवप्पाने मजुरांच्या कोप्यांवर, म्हणजे खोपट्यांवर जाऊन बायकांची नावे आणली. काही ठिकाणी नावाऐवजी 'अमक्याची आई' एवढेच मिळाले होते; तिथे ते दुसऱ्यांदा गेले. काम पत्करले की ते नीटच करायचे, ही त्यांची जुनी शिस्त होती.

चांगुणा कारखान्याच्या अतिथिगृहात राहात होती. आल्याच्या दिवशी स्वयंपाक्याने पाणी देताना विचारले, "आडनाव काय म्हनायचं, बाई?" तिने सांगितले. पहिले जेवण तिने इतरांबरोबर टेबलावर घेतले होते. दुसऱ्या जेवणापासून तिचे ताट खोलीत येऊ लागले. ताट झाकलेले असे, भाकरी गरम असे, तक्रारीला जागा नव्हती. खिडकीतून कारखान्याचे धुराडे आणि ऊस टाकायच्या गव्हाणीकडे सरकत जाणारी गाड्यांची रांग दिसायची. हैदराबादकडे जाणाऱ्या ट्रकांचा आवाज लांबून यायचा. ती जेवत असताना भिंतीपलीकडे शेतकी खात्याचे लोक मोठ्याने बोलत आणि हसत. ताट उचलायला येणारा माणूस दारातच थांबे. सहकाराने या माळावर धरण नसताना ऊस आणला होता आणि गावोगावच्या माणसांना मालक केले होते. पोटनियमांत सभासद कोण, हे तपशिलाने लिहिलेले होते. ऊस कोण तोडते, याविषयी त्यांत शब्द नव्हता, आणि ताट कुठे वाढायचे याविषयीही नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात महारुद्रने कुणाच्याही मदतीशिवाय आपला पहिला प्रोग्रॅम लिहिला. मजूर कमी झाला तर नोंद कशी काढायची, त्याचा. जुन्या यंत्रात वरची नोंद काढताना खालची एखादी लटकत राहिली, तर अख्खी टेप अडायची. एकदा अशा एका नोंदीने दोन दिवस बिले थांबवली होती. म्हणून त्याने दक्षतेने लिहिले होते: पुरुषाची ओळ काढली की त्याच्या नंबराशी जोडलेली बायकोची ओळ आणि जोडीही निघून जावी. मागे काही लटकू नये.

त्याने तो कागद चांगुणापुढे ठेवला. तिने वाचला. नोंद कमी करण्याचा प्रोग्रॅम तिच्या दृष्टीने शेवटचे, कंटाळवाणे काम होते, आणि चाळिशीच्या माणसाच्या चेहऱ्यावर परीक्षेत पास झाल्यासारखा आनंद होता.

"छान झालंय," ती म्हणाली.

१९ तारखेला सकाळी वजनकाट्याच्या चढावर आबारावच्या टोळीतली एक बैलगाडी मागे घसरली. चाकामागे उटीचा दगड लावायला खाली उतरलेला श्रीपती चाकाखाली आला. दवाखान्यात नेईपर्यंत संपला होता. आबारावने दुपारी माणूस पाठवून संगणक खोलीला कळवले: कोयता एक कमी. पंधरवडा दुसऱ्याच दिवशी संपत होता आणि बिले लावायची होती. महारुद्रने जुन्या यंत्रावर कोयता कमी केला, मग नव्या यंत्रावर श्रीपतीची ओळ काढली. त्याने दहा वर्षे जसे काम केले होते तसेच, वेळेत आणि चोख केले.

बिले छापून आली तेव्हा आबारावच्या टोळीत आठ कोयते होते. ज्या पावत्यांना जोडीचा नंबर सापडला नाही, त्या बिलातून गळाल्या होत्या. चांगुणाने कागद वरून खाली पाहिला. मग मजुरांच्या तक्त्याला विचारले: कडूबाई, नवरा श्रीपती. यंत्राने शून्य ओळी दाखवल्या.

"महारुद्र, कडूबाई कुठंय?"

"कोन कडूबाई?"

"श्रीपतीची बायको."

"त्यो गेला न्हवं काल."

"तो गेला. ती कुठंय?"

महारुद्रने तिच्याकडे पाहिले, पडद्याकडे पाहिले, आणि त्याच्या ध्यानात आले. तो खुर्चीतून उठला. "मॅडम, म्या लटकू नये म्हनून..." एवढेच बोलून तो थांबला. चांगुणाला त्याला दोष देता आला नाही. कागदावर 'तपासले' लिहून तिनेच सही केली होती.

नव्या यंत्रात चूक दुरुस्त करायला वेळ लागला नाही. पावत्या काट्यावर होत्या. शिवप्पा त्या घेऊन आला. श्रीपतीची ओळ पुन्हा भरली आणि तिच्यात मृत्यूची तारीख घातली. कडूबाईची ओळ पुन्हा भरली. तिच्यात तारीख घालायचे कारण नव्हते. महारुद्रने आपला प्रोग्रॅम न सांगता नव्याने लिहिला: माणूस मेला तर ओळ पुसायची नाही, तारीख लिहायची; बाकीच्यांना हात लावायचा नाही. तिघांनीही तो वाचला. खऱ्या अर्थाने प्रशिक्षण त्या दुपारी पुरे झाले.

संध्याकाळच्या आत चांगुणा कोप्यांवर गेली. पाचटाच्या त्या खोपट्यांच्या रांगेत तिचे बालपण गेले नव्हते, पण आईचे आयुष्य गेले होते. कडूबाई तिशीची होती. दोन मुले तिला चिकटून बसली होती. चांगुणा जमिनीवर बसू लागली, तशी शेजारची बाई धावत एक पोते घेऊन आली. "आवं बाईसाहेब, लुगडं खराब हुईल." चांगुणा पोत्यावर बसली. मग तिच्याशी बोलायला कुणी जवळ बसले नाही. सगळ्या उभ्या राहिल्या.

"तुमची नोंद आहे," चांगुणा कडूबाईला म्हणाली. "कारखान्याच्या यंत्रात तुमचं नाव आहे. तुमच्या स्वतःच्या नावानं."

"कडूबाई म्हनून?"

"कडूबाई म्हणून."

"आन् काय ल्हिवलंय?"

"तुम्ही या पंधरवड्यात किती ऊस तोडला ते."

कडूबाईने मान वर केली. "मग आबारावला सांगा की तेवढं. त्यो म्हनतो, कोयताच न्हाय तर तुजं काय. उद्या ट्रक हाय म्हनतो गावाकडं."

"मी साहेबांशी बोलते."

"बोला," कडूबाई म्हणाली. मग तिने निरखून पाहिले. "तुमी कुनाच्या, बाई?"

"ईटच्या भिमाबाईची. तीसुद्धा तोडायला जायची."

चांगुणाला वाटले होते, हे सांगितल्यावर काहीतरी बदलेल. निदान एखादी बाई खाली बसेल. कडूबाईने फक्त पोराच्या अंगावरचे फडके सारखे केले. "मग तुमाला तर ठावंच हाय सगळं," ती म्हणाली. "तुमाला काय सांगावं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणा मुख्य शेतकी अधिकाऱ्यांकडे गेली. आण्णासाहेब मृदू बोलणारे, वाचन असलेले गृहस्थ होते. त्यांनी तिला बसायला सांगितले, चहा मागवला आणि छापलेला कागद शेवटपर्यंत वाचला. व्यंकटराव तिच्याबरोबर आले होते. ते दाराशी उभे होते.

"नोंद बरोबर आहे," आण्णासाहेब म्हणाले. "मी नाही म्हणत नाही. पण बिल मुकादमाच्या हजेरीवर निघतं. आबारावनं श्रीपतीचा कोयता या अख्ख्या पंधरवड्यात गैरहजर दाखवलाय."

"पावत्या सतरा-अठरा तारखेच्याही आहेत, साहेब. तो वजनकाट्यावर मेला. गाडी ऊस भरून उभी होती."

"म्हणूनच." त्यांनी कागद टेबलावर ठेवला. "तो हजर होता असं धरलं, की मरण कामावर आलं. कामावर आलं, की ते कारखान्याच्या दारात आलं. बाई, तुम्ही शिकलेल्या आहात. तुमच्या यंत्रानं एकदा त्याची नोंद पुसली होती ना? ती तशीच राहिली असती तर कुणाला काही करावं लागलं नसतं."

"ती चूक होती."

"असेल," ते म्हणाले. "चहा घ्या."

चांगुणाने चहा घेतला नाही. बाहेर आल्यावर व्यंकटराव तिच्या बरोबरीने काही अंतर चालले. "मॅडम," ते म्हणाले, "जुन्या यंत्रात अशी गोष्ट वर कदी आलीच न्हाय. वाटच न्हवती तिकडं जायला. मला वाटायचं, समद्या वाटा मला ठाऊक हायत."

ट्रक दुपारी गेला. चांगुणा कोप्यांवर पोचली तेव्हा कडूबाईच्या खोपटातल्या चुलीचे दगड काळे होऊन पडलेले होते आणि शेजारच्या बाईने ते उचलून आपल्याकडे न्यायला सुरुवात केली होती. कडूबाईचे गाव कुठले, हे तिने विचारले. "भूमकडचं," बाई म्हणाली. त्यापुढचे तिला माहीत नव्हते. मजुरांच्या तक्त्यात गावाचा रकाना होता. तिथे मुकादमाचे गाव लिहिण्याची पद्धत होती, आणि ती पद्धत बदलायचे कुणालाही, चांगुणालाही, सुचले नव्हते.

महिनाअखेर संचालक मंडळाने नवी यंत्रणा मान्य केली. ठरावात प्रशिक्षणाचे कौतुक होते. निघायच्या आदल्या दिवशी तिघांनी तिला निरोप दिला. शिवप्पाने नळदुर्गहून पेढे आणले होते आणि महारुद्रने छोटेसे भाषण केले. सगळ्यांनी एकाच कागदावरून पेढे घेतले. चांगुणाच्या ते ध्यानात आले, आणि त्याची नोंद आपल्याला घ्यावीशी वाटली याचे तिला वाईट वाटले. रात्रीचे ताट नेहमीप्रमाणे झाकून खोलीत आले.

पुण्यात परतल्यावर तिने आणखी दोन कारखान्यांत तीच यंत्रणा शिकवली. दोन्ही ठिकाणी मजुरांचा तक्ता माणसागणिक केला आणि गावाचा रकाना मजुराला विचारूनच भरायचा, असे पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले. भूमला ती दोनदा जाऊन आली. कडूबाई नावाच्या बऱ्याच बायका भेटल्या. ईटमध्ये आईचे घर बंद होते. ते उघडून ती थोडा वेळ उंबऱ्यावर बसली आणि शेवटच्या गाडीने परतली.

पुढच्या हंगामात व्यंकटरावांचे चार ओळींचे पत्र आले. कारखान्यात दर पंधरवड्याला मजुरांची आणि बिलांची बेरीज एका ओळीने जुळत नाही. आण्णासाहेबांनी ती ओळ काढून टाकायला सांगितले आहे. ती कशी काढायची ते आम्हा तिघांनाही येते. अजून काढलेली नाही.

कडूबाईने त्या पंधरवड्यात तोडलेल्या, बांधलेल्या आणि वाहिलेल्या उसाची मजुरी अजून कुणी दिलेली नाही. भिमाबाईचीही दिलेली नाही.